तपासणीला आलेलं इंजिन

सोलापुरात खोली बघायला गेलो तेव्हा घरमालकांनी मला आडनाव विचारलं नाही, लग्नाचं विचारलं नाही, मटण-मासे खाता का हेही विचारलं नाही. फाटकाशी लावलेल्या माझ्या स्कूटरकडे बोट करून ते एवढंच म्हणाले, "डिकी उघडा."

मी उघडली. आत एक ओला रेनकोट, पावत्यांचा बोळा आणि मागच्या आठवड्यातला जेवणाचा डबा होता. त्यांनी तो डबा नाकापासून हातभर लांब धरून उघडला, आतल्या उसळीकडे बराच वेळ पाहिलं आणि झाकण परत लावलं. "डिकी आवरून आणलेली नाही," ते म्हणाले. "म्हणजे माणूस खरा आहे. खोली वर आहे, बघून घ्या." एका नासलेल्या उसळीच्या जोरावर मला घर मिळालं आणि पुढची पाच-सहा वर्षं मी तिथंच राहिलो.

त्यांना सगळी कॉलनी साहेब म्हणायची. त्यांच्या पत्नी, म्हणजे काकू, त्याही साहेबच म्हणायच्या, फक्त त्यांच्या तोंडी त्या शब्दाला वेगळी फोडणी असायची. साहेब शिक्षण खात्यात विस्तार अधिकारी होते. माढा आणि करमाळा तालुक्यांतल्या शाळा तपासण्यात त्यांचा जन्म गेला होता आणि त्या जन्मातून त्यांनी एकच ज्ञान मिळवलं होतं, की आपल्याला जे दाखवलं जातं ते सकाळी झाडलेलं असतं. ते कुठल्याही शाळेत गेले तरी फळा नुकताच काळा केलेला असे, मुलांच्या डोक्यावर तेल चोपडलेलं असे आणि भिंतींना ओला चुना असे. एकदा तसल्या भिंतीला टेकले आणि पाठीवर पांढरी शाळा घेऊन पुढच्या गावाला गेले. करमाळ्याकडच्या एका शाळेत पहिल्या बाकावरच्या चुणचुणीत पोरानं त्यांना खडाखडा पाढे म्हणून दाखवले. तासाभरानं ते शेजारच्या गावच्या शाळेत पोचले, तर पहिल्या बाकावर तोच पोरगा. तू इथं कसा आलास, असं साहेबांनी विचारलं. पोरगा उभा राहून म्हणाला, "तुमच्या म्होरल्या जीपनं, साहेब."

हा किस्सा ऐकून बाकीचे सगळे हसायचे. साहेब कधीच हसले नाहीत. इतकी वर्षं हिंडलो पण एकही शाळा आहे तशी बघायला मिळाली नाही, असं ते म्हणत, आणि हे म्हणताना त्यांचा आवाज खरोखर उतरलेला असे. निवृत्तीनंतर ते झाकणं उघडत सुटले ते त्यामुळेच असावं. लग्नाला गेले की आचाऱ्याच्या पातेल्याची झाकणं उघडत. नातेवाइकांकडे गेले की चहा यायच्या आत गच्चीवरच्या टाकीचं झाकण उघडून येत. उघडल्यावर शेरा देत. "समाधानकारक" हा शेरा फार थोड्या वस्तूंना मिळे, बाकी जगाला "सुधारणेस वाव आहे." काकूंच्या शेंगाचटणीलाही त्यांनी एकदा तोच शेरा दिला. त्यावर काकूंनी आठवडाभर चटणीच केली नाही, म्हणजे वाव राहिला नाही.

पण त्यांचा खरा जीव होता तो पोर्चमधल्या पांढऱ्या गाडीच्या बॉनेटखाली. लोक रविवारी गाडी धुतात म्हणजे बाहेरून धुतात. साहेबांची गाडी बाहेरून यथातथाच असायची, दारावर चिमण्यांच्या खुणा असायच्या आणि मागच्या काचेवर कुणीतरी बोटानं काढलेलं बदाम महिनोन्‌महिने टिकून असायचं. त्यांच्या मते ते दर्शनी भागाचं काम, ते शाळेचे मुख्याध्यापक करतात. आपण आतलं बघायचं.

दर रविवारी सकाळी बॉनेट उघडलं जाई. आधी ते तळहात इंजिनावर धरत. गाडी आदल्या रात्रीपासून हललेली नसली तरी धरत, कारण सोलापूरच्या उन्हाळ्यात न हललेली गाडीसुद्धा तापलेली असते आणि तापलेल्या इंजिनाला ओला हात लावू नये. हात सुखरूप परत आला की बॅटरीची काळी वायर सोडायची. मग काकूंच्या भाकरीच्या पिशव्या यायच्या. काकू कडक भाकरी करून ओळखीच्या लोकांना देत, त्यासाठी आणलेल्या कोऱ्या प्लास्टिकच्या पिशव्या साहेब पळवत आणि जिथं पाणी जाता कामा नये तिथं तिथं रबरबँडनं बांधत. एक अल्टरनेटरला, एक फ्यूजच्या डबीला, एक हवा ओढायच्या तोंडाला. बांधून झालं की ते इंजिन वाणसामान भरून ठेवल्यासारखं दिसे.

त्यानंतर कोरडा ब्रश, कोरडा ब्रश आणि पुन्हा कोरडा ब्रश. कोरडं असताना जे निघतं ते ओलं करून चिकटवू नये, हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की आता केर काढतानाही मला ते ऐकू येतं. रंगकामाचा ब्रश मोठ्या जागेला, जुना टूथब्रश कोपऱ्याला. मग साबणाचं पातळ पाणी, तेही इंजिनावर नाही, फडक्यावर मारायचं. फडकी टॉवेलच्या कारखान्यातल्या कापलेल्या कडांची, ती सोलापुरात पोत्यानं मिळतात. आणि पाणी एक तांब्या. नळाला चार दिवसांआड पाणी येणाऱ्या गावात काकूंनी इंजिनाचा कोटा ठरवून दिला होता आणि दुसरा तांब्या मागायची हिंमत साहेबांनी शेवटपर्यंत केली नाही.

शेजारच्या वकिलांनी एका खंडेनवमीला पाइप लावून इंजिनात धो धो पाणी सोडलं आणि वर हळदकुंकू वाहिलं. गाडी सुरू होईना. साहेब त्यांच्याकडे गेले, टोपी काढून मांडीवर ठेवली आणि घरात कुणी गेल्यासारखे अर्धा तास न बोलता बसून आले. एका गॅरेजवाल्यानं तर इंजिनावर डिझेल फवारून ते चकचकीत करून द्यायची तयारी दाखवली. गरम इंजिन, डिझेल आणि वर तोंडात विडी, हे तिन्ही एका जागी बघून साहेब आयुष्यात पहिल्यांदा पळाले. लांब जाऊन, रस्त्याच्या पलीकडून त्यांनी शेरा दिला.

करमाळ्याच्या एका लग्नात त्यांनी फुलांनी मढवलेल्या नवरदेवाच्या गाडीचं बॉनेट उघडायला लावलं. आत उंदरानं वाळलेलं गवत आणि वऱ्हाडाच्या शेंगा आणून सुरेख घर केलं होतं, तेही धुराच्या गरम नळीला लागून. साहेबांनी ते घर बाहेर काढून मांडवात ठेवलं आणि नवरदेव जळता जळता वाचल्याचं जाहीर केलं. मुलीकडच्यांना अपशकुन वाटला, मुलाकडच्यांना अपमान वाटला आणि उंदराला काय वाटलं ते कळलं नाही. त्या घरानं साहेबांना पुन्हा कधी पत्रिका दिली नाही.

एवढं करून ही गाडी जायची कुठं, तर कुठंही नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांनी साहेबांना गाडी चालवायला बंदी केली होती. सकाळी ती सावलीसाठी पोर्चमध्ये पुढे सरकायची, संध्याकाळी मागे यायची, आणि तेवढंही मीच करत होतो.

अडचण पोर्चचीच होती. काकूंच्या भाकरीचा बोलबाला होत होत टेंभुर्णीजवळच्या एका हॉटेलापर्यंत गेला आणि त्यांनी रोजच्या भाकरी मागितल्या. काकूंचं स्वयंपाकघर एवढंसं, त्यात दोन बायका आणि गॅसच्या दोन चुली बसणार नव्हत्या. बसल्या असत्या त्या पोर्चमध्ये. हॉटेलवाला म्हणाला, दसऱ्यापर्यंत सांगा, नाहीतर मी दुसरीकडे बघतो. काकूंनी साहेबांना आठवण करून दिली, की बदल्यांच्या काळात गावोगाव आपण चूल मांडत आणि मोडत फिरलो तेव्हा तुम्ही काय म्हणाला होतात. साहेब म्हणाले होते, माझी तपासणी संपली की मग तुझं. "आता संपली की," काकू म्हणाल्या. "मला आयुष्यात एक चूल न हलणारी पायजे."

गाडी विकायचं ठरलं. मनातून त्यांना ती विकायची होती का, हे मला तेव्हा सांगता आलं नसतं. पण शब्द दिला होता आणि तो पाळायचा होता, एवढं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट होतं. मला स्वतःला काकूंची बाजू पटत होती, आणि साहेबांकडे बघितलं की गाडी राहावी असंही वाटत होतं.

पहिलं गिऱ्हाईक शहरातलंच, चादरींच्या धंद्यातले दोघे साडू. त्यांनी बॉनेट उघडलं, आत पाहिलं, एकमेकांकडे पाहिलं, तेलुगूत चार वाक्यं बोलले आणि चहा न घेता गेले. नंतर कळलं, की इतकं स्वच्छ इंजिन म्हणजे तेल गळत असणार आणि म्हाताऱ्यानं सकाळीच पुसलं असणार, असं त्यांचं मत पडलं होतं. साहेबांना हे ऐकून दोन घास जाईनात. जो संशय त्यांनी जन्मभर दुसऱ्यांवर घेतला तो पहिल्यांदा त्यांच्या दारात आला होता.

दुसरे आले कुर्डुवाडीचे, रेल्वेच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले गृहस्थ. त्यांनी चष्मा वर करून इंजिन न्याहाळलं आणि ही गाडी पुरात बुडालेली आहे, असा निष्कर्ष काढला. बुडालेल्या गाड्याच अशा आतून धुऊन काढतात म्हणे. साहेब म्हणाले की अहो, आमच्याकडे एक तांब्या पाणी मिळतं, पूर कुठून आणू. पण गृहस्थ ठाम होते. जाताना त्यांनी काकूंकडून भाकरी मात्र नेल्या.

दसरा जवळ येत चालला. मी सुचवलं, साहेब, काही दिवस पुसू नका, आपोआप मळेल. ते कबूल झाले. दुसऱ्याच दुपारी बॉनेटखालून खसखस ऐकू आली म्हणून वाकून बघितलं, तर साहेब टूथब्रश घेऊन एकच स्क्रू घासत बसले होते. हा एकच, ते म्हणाले, बाकीच्यांना हात लावलेला नाही.

मग आम्ही धूळ घालायचं ठरवलं. आता ह्या कामात साहेबांनी जे केलं ते मी डोळ्यांनी पाहिलं नसतं तर माझाही विश्वास बसला नसता. त्यांनी मैदानातली माती आणली, रस्त्याकडची आणली, शेतातली काळी मागवली. ती उन्हात वाळवली. पिठाच्या चाळणीनं चाळली, मग काकूंच्या जुन्या पातळाच्या तुकड्यातून वस्त्रगाळ केली, कारण खडा असला तर इंजिनाला ओरखडा पडेल. पुन्हा पिशव्या बांधल्या, म्हणजे नाजूक जागी धूळ जायला नको. शेवटी तोंडाला पावडर लावायच्या फुलानं ती सगळीकडे सारख्या जाडीनं लावली. लांब जाऊन, हात मागे बांधून त्यांनी पाहणी केली.

"बनाव उघड आहे," ते म्हणाले, आणि संध्याकाळपर्यंत पुसून काढलं.

तिसरं गिऱ्हाईक टेंभुर्णीहून येणार होतं. चौकात त्यांचं टायरचं दुकान, मागे थोडा ऊस. दसऱ्याला दोनच दिवस राहिले होते, त्यामुळे हे गेले की काकूंची भाकरीही गेली, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. साहेब दुपारी आडवे झाले होते. मी जिन्यावरून उतरत होतो तेव्हा काकू पोर्चमध्ये दिसल्या. त्यांनी कधी हात न लावलेलं ते बॉनेट कसंबसं उघडलं होतं आणि घरभर काढलेल्या केराचं सूप त्या आत पाखडत होत्या. वरून त्यांनी परातीतलं ज्वारीचं पीठही झटकलं. मला बघून त्या दचकल्या नाहीत. "बघून घ्या," म्हणाल्या, "आणि वर जा." मी वर गेलो.

पाहुणे आले. धोतर, टोपी, हातात गाडीच्या किल्ल्यांचा जुडगा. त्यांनी बॉनेट उघडलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "व्हय. आता ही चालल्याली गाडी दिसती. उगं चकाचक दावतात, त्येचा मला लई संशय येतो."

साहेब पुढे झाले आणि आत बघून थांबले. केर होता, पीठ होतं, कोथिंबिरीची काडी होती. पिठावरून त्यांना सगळं कळलं असणार, कारण त्यांनी मान वळवून दारात उभ्या काकूंकडे पाहिलं. काकूंनी नजर हलवली नाही. साहेबांनी नुसतं गप्प राहायचं होतं. तेवढ्यानं गाडी गेली असती, चूल आली असती, दिलेला शब्द राहिला असता. आयुष्यभर शेकडो मुख्याध्यापक त्यांच्यासमोर गप्प राहिले होतेच.

"ही धूळ ह्या गाडीची नाही," साहेब म्हणाले. "घरातली आहे. आमच्याकडून पडली. जरा बसा, मी तुम्हाला आहे तशी दाखवतो."

त्यांनी पिशव्या आणल्या. काळी वायर सोडली. पाहुण्यांना स्टूल दिलं आणि कोरड्या ब्रशनं सुरुवात केली. काकू आत गेल्या. भांडं आपटल्याचा आवाज आला नाही, आणि तेच मला वाईट वाटलं. मी पाहुण्यांशी हवापाण्याच्या गप्पा मारायचा प्रयत्न केला पण त्यांचं लक्षच नव्हतं. ते वाकून बघत होते. ही पिशवी कशाला, ते विचारत, आणि साहेब सांगत. हे पाणी एवढंच का, तर साहेब काकूंचा नियम सांगत. मधे काकूंनी बाहेर येऊन पाहुण्यांपुढे भाकरी आणि चटणी ठेवली, साहेबांकडे न बघता. पाहुणे भाकरी मोडत होते आणि इंजिनाचा एक एक भाग धुळीतून वर येत होता. कुठंच तेल गळत नव्हतं, कुठंच काही बुजवलेलं नव्हतं. सगळं सुकल्यावर पिशव्या निघाल्या, वायर लागली, मी किल्ली फिरवली. इंजिन गुणगुणायला लागलं.

पाहुण्यांनी हात झटकले. "साहेब, धुतल्यालं इंजिन समदेच दावत्यात," ते म्हणाले. "धुताना कुणी दावत न्हाय. गाडी माझी."

साहेब ब्रश हातात घेऊन तसेच उभे राहिले. गाडी गेली त्या संध्याकाळी पोर्चच्या फरशीवर, जिथं ती उभी असायची तिथं, एक स्वच्छ चौकोन उरला होता. काकूंनी दुसऱ्या दिवशी त्याच चौकोनात दोन चुली मांडल्या आणि मदतीला दोघी बायका ठेवल्या. साहेबांशी त्या दोन दिवस बोलल्या नाहीत, पण तिसऱ्या दिवशी पहिली भाकरी त्यांनाच दिली. साहेबांनी ती शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्ली. मग "समाधानकारक" म्हणाले. काकूंनी लगेच पाठ फिरवून पीठ मळायला घेतलं, पण त्या हसत होत्या हे मला वरच्या कठड्यावरून दिसलं.

नंतरचे दिवस मात्र साहेबांचे वाईट गेले. रविवार आला की ते ब्रश घेऊन बाहेर येत आणि उगाच उभे राहत. एकदा त्यांनी चुलीचे बर्नर काढून टूथब्रशनं साफ केले, त्या सकाळी हॉटेलाच्या भाकरी उशिरा गेल्या, तेव्हापासून चुलीला हात लावायची त्यांना मनाई झाली. माझ्या स्कूटरचं काही बघू का, असं ते मला विचारायचे. मी डिकी मुद्दाम घाण ठेवू लागलो, पण त्यांना ते पहिल्या नजरेत कळलं. बनाव त्यांना चालत नसे.

दिवाळी होऊन गेली होती. एका रविवारी फाटकाशी हॉर्न वाजला. पांढरी गाडी होती. टेंभुर्णीचे पाहुणे मार्केट यार्डात आले होते, म्हणाले जाता जाता साहेबांना दावावी म्हटलं. साहेब धावतच फाटकापर्यंत गेले. पाहुण्यांनी बॉनेट उघडलं.

आतलं दृश्य भयंकर होतं. काळ्या मातीचे थर, उसाची पाचटं, कुठल्यातरी पक्ष्याचं पीस आणि बॅटरीच्या शेजारी अर्धी खाल्लेली शेंग. मी साहेबांच्या चेहऱ्याकडे बघायचं टाळलं. ते इंजिनावर वाकले, ते वाकलेलेच राहिले.

"मला दाखवायला आणणार हे तुम्हाला सकाळपासून माहीत होतं?" त्यांनी विचारलं.

"व्हय की."

"तरी पुसलं नाहीत?"

पाहुण्यांना प्रश्नच कळला नाही. "कशापाई?" ते म्हणाले. "तुमी काय परकं हाय का?"

साहेबांनी चष्मा काढला. तो पुसायला त्यांच्याकडे फडकं नव्हतं, म्हणून सदऱ्याच्या टोकानं पुसला, पुन्हा लावला आणि पुन्हा काढला. "बघा," ते मला म्हणाले, "आहे तसं आहे." त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी येत होतं आणि ते लपवायचा त्यांनी काही प्रयत्न केला नाही. मलाही राहवलं नाही, मी उगाच स्कूटरकडे जाऊन आलो. पाहुणे बिचारे घाबरले, लई मळली का, असं विचारायला लागले.

काकू पोर्चमध्ये तव्यासमोर बसून हे सगळं बघत होत्या. हॉटेलाच्या भाकरी निम्म्या व्हायच्या होत्या. त्यांनी बर्नर बंद केला. दोघी बायकांना परात आणि दुसरी चूल सरकवायला सांगितली आणि आपली ती न हलणारी चूल स्वतःच्या हातांनी ओढत भिंतीशी नेली. मग पोर्चकडे बोट करून पाहुण्यांना म्हणाल्या, घ्या आत. साहेबांच्या हातात त्यांनी भाकरीच्या कोऱ्या पिशव्यांची चवड दिली.

"तांब्या एकच मिळंल," त्या म्हणाल्या, आणि आणून दिले दोन.